"नेट गेलंय" म्हणजे नेमकं कुठं काय गेलंय?

काचेची_तार | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मी इचलकरंजीत फायबर जोडायचं काम करतो. आधी केबल टीव्हीची जाड काळी वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर ओढायचो, आता काचेची तार ओढतो. दिवसाला पंधरा-वीस फोन येतात आणि बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते: "दादा, नेट गेलंय."

गेल्या आठवड्यात असाच एक फोन आला. आजी सत्तरीच्या, नातू पुण्याला शिकायला, घरी दोघंच म्हातारी माणसं. मी विचारलं, डब्यावर लाल दिवा लागलाय का? त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही बाबा, तूच ये." भर उन्हात सहा किलोमीटर गेलो. लाईन व्यवस्थित, राउटर व्यवस्थित. फोनमधलं वायफाय तेवढं बंद झालं होतं. वरची पट्टी खाली ओढताना बोट लागलं असणार. एका बोटाचं काम होतं, पण त्यापायी दोन दिवस आजी नातवाला बघू शकल्या नव्हत्या. निघताना त्या "तुला उगाच हेलपाटा घातला" असं तीनदा म्हणाल्या. ते मला लागलं. हेलपाट्याचं काही नाही, माझं कामच ते आहे. पण घरात तीन वर्षं असलेल्या वस्तूबद्दल त्यांना कुणी दोन वाक्यं सांगितली नव्हती. मीही नाही, आणि तो डबा भिंतीवर मीच ठोकला होता.

म्हणून हा धागा. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितोय. जाणकारांनी चूक दिसली तर सांगावी.

सगळ्यात आधी एक गोष्ट: वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तुमच्या फोनवरचा व्हिडिओ कॉल तीन टप्प्यांत प्रवास करतो. पहिला टप्पा फोन ते राउटर. हा हवेतून, घरातल्या घरात. यालाच वायफाय म्हणतात. दुसरा टप्पा राउटरपासून आमच्यासारख्या नेटवाल्याच्या ऑफिसपर्यंत. हा काचेच्या तारेतून, खांबांवरून. तिसरा टप्पा तिथून पुढं जगभर. मुंबईला जाताना घरापासून स्टँडपर्यंत रिक्षा आणि पुढं एसटी, तसंच हे. रिक्षा दारात उभी आहे म्हणजे एसटी सुटणार आहे असं नाही. फोनवर वर जो पंख्यासारखा आकार दिसतो ना, तो फक्त रिक्षाची खबर देतो. पंखा पूर्ण भरलेला आणि तरी काही उघडत नाही, असं का होतं त्याचं उत्तर यात आहे.

आता नेट गेलं की काय बघायचं. पंखाच दिसत नसेल तर बिघाड पहिल्या टप्प्यात: फोनचं वायफाय बंद आहे, किंवा तुम्ही राउटरपासून लांब आहात, किंवा राउटरला लाईटच नाही. पंखा दिसतोय पण त्याच्याजवळ उद्गारचिन्ह आहे, तर उठून राउटरकडं जा. फायबरच्या डब्यावर सहसा दोन दिवे महत्त्वाचे असतात. एकाखाली इंग्रजीत 'पॉन' लिहिलेलं असतं, तो हिरवा आणि स्थिर हवा. दुसऱ्याखाली 'एलओएस' अशी तीन अक्षरं असतात, तो विझलेला हवा. तो लाल झाला म्हणजे तारेतून येणारा प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी राउटर शंभरदा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ फोन करायचा. पॉन नुसता लुकलुकत राहिला तर डबा पलीकडच्या यंत्राला साद घालतोय पण ओळख पटत नाहीये. एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, तरी तेच असेल तर फोन करा.

दिवे ठीक, पंखा ठीक, आणि एकच ॲप उघडत नाही? मग वायफाय बंद करून मोबाईलच्या डेटावर तेच ॲप उघडून बघा. तिथंही नाही उघडलं तर बहुधा त्या ॲपवाल्यांकडंच गडबड आहे, तुमचं घर निर्दोष.

विचारा काय विचारायचं ते. कुठलाही प्रश्न लहान नाही.

मालती_वाई | सोमवार, रात्री १०.१५

फार बरं वाटलं वाचून. उद्गारचिन्ह रोज बघते, त्याला अर्थ आहे हे आज कळलं.

माझा प्रश्न. आमचं घर जुनं आहे, वाडाच म्हणा. सोप्यात राउटर बसवलाय. तिथं सगळं छान चालतं. माजघरात पाऊल टाकलं की रेंज निम्मी, आणि मागच्या खोलीत, जिथं मी रात्री पडल्या पडल्या कीर्तन ऐकते, तिथं शून्य. मुलगा म्हणतो जास्त स्पीडचा प्लॅन घे. घेऊ का?

काचेची_तार | सोमवार, रात्री १०.५०

काकू, प्लॅन वाढवू नका. एक रुपयाचाही उपयोग होणार नाही. प्लॅनचा स्पीड हा दुसऱ्या टप्प्याचा आणि तुमची अडचण पहिल्या टप्प्यातली आहे.

तुमच्या सोप्या-माजघरातली भिंत काळ्या दगडाची असेल, दीड-दोन हात जाड. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. लाकडी दार, पडदा, पार्टिशन यांतून त्या आरामात जातात. साध्या विटांच्या भिंतीत थोड्या मुरतात. काँक्रीट आणि दगडात जास्त, आणि दोन हात दगडात जवळजवळ संपतात. पत्रा, लोखंडी कपाट, आरशामागचा चंदेरी थर, हे तर लहरी परतवूनच लावतात. पाणीही लहरी शोषतं, म्हणून माशांच्या टाकीमागं किंवा भरलेल्या पिंपामागं राउटर ठेवू नये. मी घरोघरी बघतो, राउटर दिसायला बरा नाही म्हणून टीव्हीच्या मागं, शोकेसच्या आत, सगळ्यात खाली. दिवा पलंगाखाली ठेवून खोलीत उजेड पडत नाही. राउटर उंचावर, उघड्यावर आणि घराच्या मध्याच्या जवळ हवा.

तुमच्या बाबतीत मात्र नुसतं उंचावर ठेवून भागेल असं वाटत नाही. दगडाला वळसा घालावा लागेल. राउटरच्या मागं चौकोनी खाचा असतात, त्यातून एक लॅन केबल (कॅट ६ मागा) दाराच्या चौकटीच्या कडेनं किंवा झरोक्यातून मागच्या खोलीत न्या. ती १०० मीटरपर्यंत चालते, वाड्याला भरपूर झाली. तिच्या टोकाला दुसरा छोटा राउटर, ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलेला. म्हणजे मागच्या खोलीत तिचा स्वतःचा दिवा.

बाजारात भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे रिपीटर मिळतात, तुम्हाला तेच दाखवतील. ते हवेतूनच ऐकतात आणि हवेतूनच पुढं सांगतात, त्यामुळं साध्या रिपीटरमध्ये वेग निम्मा होतो. शिवाय जिथं मुळात रेंज नाही तिथं तो बसवला तर ऐकणार काय?

निनाद_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ७.०५

दादा, उत्तम धागा. लोकलमधून लिहितोय. आमच्याकडे १०० चा प्लॅन आहे, पण सिनेमा उतरवताना कॉम्प्युटर १२ च दाखवतो. फसवणूक आहे का ही? दुसरं, राउटर दोन नावं दाखवतो, एकापुढे ५जी लिहिलंय. माझा मोबाईल ५जी नाही, मग ते मी वापरायचंच नाही का?

काचेची_तार | मंगळवार, दुपारी १.३०

फसवणूक नाही, मापं वेगळी आहेत. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाईल मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० ला ८ ने भागा, साडेबारा. तुम्हाला १२ मिळतायत म्हणजे लाईन चोख आहे.

५जी चा घोटाळा मात्र खूप जणांचा होतो. मोबाईलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, ती आपल्याकडं ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. राउटरच्या नावापुढचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, लहरीची जात. दुसरं नाव २.४ गिगाहर्ट्झचं. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमचा ४जी फोनही बहुधा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडत असेल, जोडून बघा. ५ वाली वेगवान पण भिंतीत लवकर दमते. २.४ वाली हळू पण लांब जाते. राउटरच्या खोलीत बसून काम असेल तर ५, दोन भिंतींपलीकडं असाल तर २.४.

डोंबिवलीसारख्या ठिकाणी अजून एक. २.४ मध्ये आपल्याकडं १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांत न मिसळणारे तीनच, १, ६ आणि ११. तुमच्या मजल्यावर आठ-दहा राउटर असतील तर सगळे या तीन जागांवर दाटीवाटीनं उभे आहेत, सकाळच्या लोकलसारखे. रात्री नऊला २.४ रडतं त्याचं मोठं कारण हे. आणि घरात मायक्रोवेव्ह असेल तर तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. आत डबा गरम होत असताना स्वयंपाकघरात कॉल अडखळला तर दचकू नका, दोन मिनिटांत सुरळीत होतं.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

मी पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. काचेची_तार यांनी भिंतीचं जे लिहिलं ते चोख आहे, त्यात थोडी भर.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ च्या लहरीची त्याच्या निम्मी. भिंतीतून लहर जाते हे आज आपल्याला नवल वाटत नाही, पण १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा न दिसणाऱ्या लहरी भिंतीपार पाठवून पलीकडे घंटा वाजवली आणि दारू पेटवली, तेव्हा बसलेली माणसं थक्क झाली होती. बोसांच्या लहरी आपल्या वायफायपेक्षाही आखूड, काही तर मिलिमीटरांत मोजण्याजोग्या होत्या. वर्गात हे सांगताना मुलांच्या मानांपेक्षा माझीच मान उंच व्हायची.

आता उपयोगाचं. वायफायची ताकद मोजणारी फुकट ॲप मिळतात. ती उणे आकडा दाखवतात. उणे बघून घाबरू नये. हे डीबीएम माप आहे, त्यात १ मिलिवॅट म्हणजे ० आणि त्याहून कमी ते सगळं उणे. −५० उत्तम, −६५ ला व्हिडिओ कॉल चालतो, −८० ला बोलणं तुटतं. दर ३ ने आकडा घसरला की ताकद निम्मी, १० ने घसरला की दहावा हिस्सा. मालतीताई, सोप्यात, माजघरात आणि मागच्या खोलीत उभं राहून तीन आकडे इथे टाका. पंख्याच्या चार रेघांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

मालती_वाई | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

टाकते सर. नातीला घेऊन मोजते.

माळरान | मंगळवार, रात्री ८.४५

मंगळवेढ्याकडून. आमच्याकडं लाईट गेली की नेट जातं, आणि लाईट तर रोज जाते. लाईनवाला म्हणतो फायबरला लाईट लागत नाही. मग बंद का पडतं? आणि पावसाळ्यात वीज कडाडली की वायर काढून ठेवावी का?

काचेची_तार | मंगळवार, रात्री १०.००

दोघंही बरोबर बोलताय. तारेला लाईट लागत नाही, तुमच्या डब्याला लागते. डबा विझला की तार नुसती काच. त्यावर उपाय स्वस्त आहे, राउटरचा मिनी यूपीएस. वहीएवढा असतो, आत मोबाईलसारखे सेल. राउटर जेमतेम आठ-दहा वॅट खातो, म्हणून एवढ्याशा डब्यावरही तीन-चार तास सहज निघतात. घ्यायच्या आधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, काहींवर ९. व्होल्ट तंतोतंत तोच हवा. ॲम्पिअर तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नको. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिला तर तो जळू शकतो, मी असे तीन बघितलेत.

विजेचं: काचेतून वीज वाहत नाही. पूर्वीच्या तांब्याच्या टेलिफोन वायरीतून ती घरात यायची, ते भय इथं नाही. (खांबावरच्या केबलला आधारासाठी स्टीलची तार असते, पण घरात येताना ती आम्ही बाहेरच कापून बांधतो.) वीज येते ती ॲडॅप्टरमधून. म्हणून कडकडाट सुरू झाला की ॲडॅप्टर सॉकेटमधून काढा. फायबरची पिवळी वायर तशीच राहू द्या. ती काढ-घाल केली की मला यावं लागतं.

का ते सांगतो, कारण या वायरीबद्दल लोकांना कुणी काही सांगत नाही आणि मला तिच्याबद्दल सांगायला आवडतं. पिवळ्या वायरीचं वरचं साल, आतले पांढरे-पिवळे धागे, मग एक पातळ लेप, असं सगळं सोलत गेलं की शेवटी जी उरते ती काच ०.१२५ मिलिमीटरची. केसापेक्षा थोडीशी जाड. आणि तिच्याही आत, बरोबर मधोमध, ९ मायक्रॉनचा गाभा असतो, केसाच्या जाडीचा साधारण आठवा भाग. तुमचा सगळा संसार, बँक, शाळा, कीर्तन, त्या गाभ्यातून जातो. प्रकाशाच्या रूपात, पण डोळ्यांना दिसणार नाही अशा.

दोन तुटलेली टोकं जोडायची म्हणजे असं. स्पिरिटसारख्या द्रवानं काच पुसायची. पुसताना बारीक चुईं आवाज आला की साफ झाली. मग क्लीव्हरमध्ये ठेवून टोक काटकोनात तोडायचं. कापायचं नाही, तोडायचं. उडालेला तुकडा लगेच डबीत टाकायचा, कारण तो बोटात शिरला तर दिसतही नाही आणि निघतही नाही. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर. स्क्रीनवर ती खांबाएवढी मोठी दिसतात, त्यांच्यावरचा धुळीचा कणसुद्धा दगडासारखा दिसतो. मशीन ती स्वतः सरळ रेषेत आणतं, एक ठिणगी पडते, काच काचेत वितळते आणि खाली आकडा येतो: ०.०१. एवढंच नुकसान. मी खांबावर चढून, पावसात छत्री बांधून हे हजारो वेळा केलंय, तरी तो आकडा आला की अजून बरं वाटतं.

आता समजा ही वायर तुम्ही कपाटामागं दाबली किंवा खिळ्याला करकचून गुंडाळली. काच तुटत नाही, पण वळण जास्त झालं की प्रकाश त्या वळणावरून बाहेर सांडतो. दिवा लाल. कित्येक घरी मी जाऊन फक्त कपाट चार बोटं पुढं ओढलंय. वायरीचं वेटोळं लहान ताटलीएवढं मोठं ठेवा, त्याहून लहान नको. टोकाचा हिरवा कनेक्टर दिसतो त्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळा सरळ असतो. हिरव्यात निळा घालू नका. आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. दिसत काही नाही, पण प्रकाश असतो.

माळरान | मंगळवार, रात्री १०.२५

दादा, आमचा डबा कपाटामागंच आहे. उद्या पुढं घेतो. अजून एक. कधी कधी माझं बंद असतं आणि शेजाऱ्याचं चालू, तेव्हा वाटतं आपल्यालाच मुद्दाम बंद केलं.

काचेची_तार | मंगळवार, रात्री १०.४०

मुद्दाम नाही. ऑफिसातून एकच तार निघते, खांबावरच्या स्प्लिटरमध्ये तिचे आठ फाटे होतात. काही ठिकाणी पुढं अजून फाटे, एका तारेवर ३२ किंवा ६४ घरं. फक्त तुमचं बंद असेल तर तुटलंय ते स्प्लिटर ते तुमचं घर यांच्यामध्ये. आळीतल्या सगळ्यांचं बंद असेल तर त्याच्या अलीकडं, मोठ्या लाईनवर. म्हणून फोन करताना "शेजारी चालू आहे" एवढं सांगितलंत तरी माझा अर्धा तास वाचतो. मी शिडी घेऊन सरळ तुमच्या खांबावर येतो.

सांगलीची_लेक | बुधवार, पहाटे २.१० (इथे जर्मनीत रात्रीचे १०.४०)

आई सांगलीला एकटी असते. नेट गेलं की मी इथून फोनवर सांगायचा प्रयत्न करते आणि पाच मिनिटांत आमचं दोघींचं बिनसतं. मी म्हणते सेटिंग्जमध्ये जा, ती म्हणते ते कुठंय. मग मी चिडते आणि फोन ठेवल्यावर रात्रभर वाईट वाटत राहतं. तुम्ही रोज इतक्या लोकांना फोनवर सांगता, कसं सांगता?

काचेची_तार | बुधवार, सकाळी ८.००

ताई, मी नाव सांगत नाही, आकार सांगतो. "दात असलेलं चाक दिसतंय का? त्याच्यावर बोट ठेवा." "वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, शटर ओढतो तसं. पसरलेल्या हातपंख्यासारखं काही दिसलं?" आणि त्यांनी "हो" म्हणेपर्यंत पुढचं बोलत नाही. आपल्याला सात पायऱ्या एका दमात सांगायची सवय असते. त्यांच्या हातात फोन आहे आणि कानालाही तोच फोन आहे, हे आपण विसरतो. आधी स्पीकर चालू करायला लावायचा.

अजून एक करा. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा राउटरवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा. पॉनच्या दिव्याशेजारी "हा हिरवा हवा", एलओएसशेजारी "हा लाल झाला तर नेटवाल्याला फोन", खाली त्याचा नंबर मोठ्या अक्षरात. मी आता नवीन जोडणी करताना हे स्वतःच लावतो. त्या सत्तरीच्या आजींच्या घरीही परवा जाऊन लावून आलो.

आणि सांगलीच्या घरात मोबाईलची रेंज कमी असेल तर आईंच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून द्या. मग साधा फोनसुद्धा घरच्या नेटवरून लागतो, टॉवर लांब असला तरी. बहुतेक नव्या फोनमध्ये ही सोय असते.

सांगलीची_लेक | बुधवार, दुपारी १.२०

स्पीकरचं मला खरंच कधी सुचलं नाही. ती दर वेळी फोन कानापासून काढून बघायची आणि मी "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" करत बसायचे. चिठ्ठ्यांचं मामेभावाला सांगितलंय, तो आज जातोय.

कोकणकडा | बुधवार, दुपारी ३.००

एक जड मनाने लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. मागच्या वर्षी नेट बंद पडलं म्हणून वडिलांनी इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिलाच आला तो लावला. समोरचा फार गोड बोलला. "तुमच्या राउटरमध्ये व्हायरस शिरलाय, एक ॲप टाका, मी इथून काढतो." ॲप टाकल्यावर त्याला वडिलांच्या फोनचा पडदा दिसायला लागला. मग "दहा रुपये भरून रजिस्टर करा". पिन टाकताना तो बघत होता. एकवीस हजार गेले. पैशापेक्षा वडिलांनी त्यानंतर सहा महिने फोनला हात लावला नाही, हे जास्त झालं.

काचेची_तार | बुधवार, रात्री ९.१५

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यात त्यांची चूक नाही, तो माणूस दिवसभर हेच करत असतो.

सगळ्यांनी वाचा. नेटवाल्याचा नंबर बिलावरून किंवा पावतीवरून घ्यायचा, शोधून नाही. नेट दुरुस्त करायला तुमच्या फोनमध्ये कुठलंही ॲप टाकावं लागत नाही, आणि पिन किंवा ओटीपी तर कधीच लागत नाही. लाल दिवा लागला असताना कुणी "व्हायरस" म्हणालं तर तो खोटं बोलतोय, कारण लाल दिवा म्हणजे प्रकाश पोचत नाही, आणि ते दुरुस्त करायला शिडी लागते. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सरकारी हेल्पलाईनवर फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढं सरकायच्या आधी अडवता येण्याची शक्यता असते. संकोचापायी एक दिवस थांबू नका.

मालती_वाई | शुक्रवार, संध्याकाळी ५.४५

सर, आकडे घेतले होते: सोपा −४४, माजघर −७१, मागची खोली −८८. नात म्हणाली, आजी, भिंत ओलांडली की ताकद पाचशेव्या हिश्श्यावर येते. तिला हे गणित फार आवडलं.

इथल्याच एका मुलानं काल लॅन केबल झरोक्यातून ओढून दिली आणि मागच्या खोलीत दुसरा राउटर बसवला. आता मागच्या खोलीत −६६. कीर्तन सलग ऐकलं. पण एकाच खोलीत राउटर असून −६६ का? सोप्यात तर −४४ येतं.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

नातीचं गणित अगदी बरोबर. २७ ने घसरण, म्हणजे पाचशेवा हिस्सा. तिला शाबासकी द्या.

काचेची_तार | शुक्रवार, रात्री ८.३०

काकू, राउटर नेमका कुठं ठेवलाय? आणि त्याच्या आणि पलंगाच्या मध्ये काय आहे?

मालती_वाई | शुक्रवार, रात्री ८.४०

कपाटावर. कपाट लोखंडी, माझ्या लग्नातलं, दाराला आरसा आहे. राउटर वर मागच्या बाजूला भिंतीला टेकवलाय, दिसू नये म्हणून पुढं दोन पत्र्याचे डबे ठेवलेत. पलंग समोरच.

काचेची_तार | शुक्रवार, रात्री ८.५५

कपाट राहू द्या. डबे काढा, राउटर कपाटाच्या पुढच्या कडेला आणा आणि पुन्हा मोजा.

मालती_वाई | शुक्रवार, रात्री ९.१०

−५१. डब्यांत दिवाळीच्या पणत्या होत्या, त्या नातीनं खाली ठेवल्या.